हिंद अल-हुसैनी : पंचावन्न मुलांचे घर

रमजानमध्ये जकात आणि सदका काढताना यतीम मुलांची आठवण हमखास होते. यतीम म्हणजे वडिलांचे छत्र हरपलेले मूल. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते आणि वयाच्या सहाव्या वर्षी आईही गेली. त्यामुळे अनाथाचा सांभाळ इस्लाममध्ये फार मोलाचा मानला जातो. अनाथाला एक दिवस जेवू घालणारे पुष्कळ भेटतात. ते मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत त्याची साथ न सोडणारे मात्र विरळाच. जेरुसलेमच्या हिंद अल-हुसैनी या त्यांपैकी एक.

हिंद हे अरबांमधले मुलींचे जुने नाव आहे. उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांचेही मूळ नाव हिंदच. हिंद अल-हुसैनी यांचा जन्म १९१६ मध्ये जेरुसलेममधील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. वडील लवकर गेले, त्यामुळे पोरकेपण त्यांच्या ओळखीचे होते. शिक्षण घेऊन त्या समाजकार्यात उतरल्या आणि लहान मुलांसाठी बालवाड्या उभारण्याच्या कामात रमल्या.

एप्रिल १९४८ मध्ये पॅलेस्टाइन युद्धाने पेटले होते. ९ तारखेला जेरुसलेमजवळच्या दैर यासीन या गावावर ज्यू सशस्त्र संघटनांनी हल्ला केला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर जुन्या शहरातून जाताना हिंद यांना पवित्र समाधीच्या चर्चजवळ मुलांचा एक घोळका दिसला. ती त्याच गावातली मुले होती. एकूण पंचावन्न. ना घर, ना कुणी विचारणारे.

हिंद यांच्याजवळ त्या वेळी जेमतेम १३८ पॅलेस्टिनी पौंड होते. त्यांनी बाजारातल्या दोन खोल्यांत मुलांची सोय केली आणि रोज अन्न घेऊन त्या तिथे जाऊ लागल्या. शहरात गोळीबार चालू असताना हे येणे-जाणे जिवावरचे होते. तेव्हा एका ख्रिस्ती मठातील जोगिणींनी आपली दारे उघडली आणि मुले तिथे सुरक्षित राहिली. मुसलमान मुलांना ख्रिस्ती मठाने आसरा दिला, हेही विसरता येणार नाही.

लढाई थांबल्यावर हिंद यांनी मुलांना आपल्या आजोबांच्या वाड्यात आणले. १८९१ मध्ये बांधलेल्या या वाड्याला त्यांनी नाव दिले ‘दार अल-तिफ्ल अल-अरबी’, म्हणजे अरब मुलांचे घर. पुढे इतर गावांतली निराधार मुलेही येऊ लागली. तोंडे वाढली, खर्च वाढला. १३८ पौंड केव्हाच संपले होते. हिंद यांनी देशोदेशीच्या लोकांकडे मदत मागितली, आणि ती येत राहिली. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीने असे घर चालत नाही. भाकरी रोज लागते, वह्या-पुस्तके दरवर्षी लागतात. म्हणून देणाऱ्याचा हात आखडू नये, ही काळजी त्यांना जन्मभर वाहावी लागली.

नुसते पोट भरून मुलांचे आयुष्य उभे राहणार नाही, हे त्या जाणून होत्या. आश्रमाला शाळा जोडली गेली. १९६७ च्या युद्धानंतर ही संस्था मुलींसाठीच राहिली. १९८२ मध्ये त्यांनी मुलींचे महाविद्यालय सुरू केले. जिथे निराधार मुलींना आसरा मिळत होता, तिथूनच आता उच्च शिक्षणाची वाट निघाली. आवारात पॅलेस्टिनी लोकजीवनाचे संग्रहालयही उभे राहिले. ज्यांची गावेच उरली नव्हती, त्यांच्या मुलींना आपल्या आज्यांचे भरतकाम निदान तिथे पाहता आले.

हिंद यांनी लग्न केले नाही. १३ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये हाती धरलेले काम त्यांनी ४६ वर्षे सोडले नव्हते, आणि त्यांच्यामागेही ती संस्था चालू राहिली.

रमजान सरतो, ईदचा चाँद दिसतो, नवे कपडे वाटून होतात. यतीम मुलाला मात्र शव्वालमध्येही भूक लागते आणि जूनमध्ये शाळेची फी भरायचीच असते. त्या दिवशीही कुणीतरी त्याच्यासाठी हजर असावे लागते.