शेकोटीजवळचे पाय

फेब्रुवारी १८०७. पूर्व प्रशियातील आयलाऊच्या लढाईत नेपोलियनचे सैनिक कडाक्याच्या थंडीत उघड्यावर होते, तरी पायांची तक्रार फारशी नव्हती. लढाई संपली, हवेत अचानक ऊब आली, बर्फ वितळू लागले आणि मग रुग्णांची रीघ लागली. कुणाचे पाय बधिर, कुणाचे ठणकणारे, काहींचे काळे पडू लागलेले. त्यातही शेकोटीजवळ पाय शेकणाऱ्यांचे हाल सर्वाधिक. हे टिपून ठेवले सैन्याचे शल्यचिकित्सक दोमिनिक-ज्याँ लारे यांनी.

लारे १७६६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्यात जन्मले. लढाई चालू असतानाच जखमींना उचलून नेणाऱ्या घोडागाड्या त्यांनीच सुरू केल्या. उपचाराचा क्रम जखम पाहून ठरे, हुद्दा पाहून नव्हे. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा सैनिकांनी त्यांना ओळखले आणि डोक्यांवरून हातोहात पलीकडे पोचवले.

धग घातक, म्हणून गोठलेला अवयव बर्फाने चोळावा, असा निष्कर्ष लारे यांनी काढला. निरीक्षण अचूक होते, उपाय चुकला. बधिर कातडीला चटका कळत नाही. शिवाय रात्री शेकोटीपाशी वितळलेले पाय दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीत पुन्हा गोठत, आणि ते पहिल्याहून वाईट. पण लारे यांचा शब्द एवढा वजनदार, की बर्फ चोळण्याचा सल्ला शंभराहून अधिक वर्षे टिकला! विसाव्या शतकात सोव्हिएत आणि पुढे अलास्कातील डॉक्टरांनी तो मोडीत काढला.

हिमदंश झालेली कातडी पांढुरकी वा करडी, मेणचट आणि कडक होते. सावळ्या रंगावर फिकेपणा चटकन दिसत नाही. तिथे बधिरपणा आणि कडकपणा हीच खूण. अवयव ३७ ते ३९ अंश सेल्सिअस पाण्यात, मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवतात. ऊब येताना वेदना असह्य होतात, म्हणून वेदनाशामक हवे. चोळणे नाही, फोड फोडणे नाही. वाटेत पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर वितळवायचेच नाही. आधी सुरक्षित जागा गाठायची. रुग्णालयात मात्र लवकर पोचावे, कारण रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी औषधे पहिल्या २४ तासांतच उपयोगी पडतात.

बोरोदिनोच्या लढाईत लारे यांनी एका दिवसात सुमारे २०० अवयव कापल्याचे सांगतात. हिमदंशात आजचे शल्यचिकित्सक, जंतुसंसर्ग पसरला नसेल तर, कित्येक आठवडे थांबतात. काळे पडलेले बोट आतून किती जिवंत आहे, ते तोवर कळत नाही.