वाटाण्याच्या वाफ्यातील शास्त्रज्ञ

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे ते ब्रनो शहरातील ख्रिस्ती मठात राहू लागले. शिक्षकाच्या परीक्षेत त्यांना यश लाभले नाही. परंतु त्यांची जिज्ञासा मावळली नाही. वसंत ऋतू आला की ते मठाच्या बागेत वाटाणे पेरीत. उंच झाडाचे पराग त्यांनी खुज्या झाडाच्या फुलांवर घातले, तेव्हा सारी रोपे उंच निपजली. त्यांच्या बियांपासून मात्र ७८७ उंच व २७७ खुजी झाडे झाली. लोपलेला गुण नाहीसा झाला नव्हता! १८६५ साली त्यांनी आनुवंशिकतेचे हे नियम मांडले. पण त्यांचे मर्म कोणी जाणले नाही. १८८४ साली मेंडेल निवर्तले. १९०० साली इतर शास्त्रज्ञांना तेच नियम आढळले आणि त्यांच्या परिश्रमांचे चीज झाले.