जॉनी युनायटस

जॉन कॉन्स्टंटाइन युनायटस (७ मे, १९३३:पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - ११ सप्टेंबर, २००२:टिमोनियम, मेरीलँड, अमेरिका) हे अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक होते. १९५६ ते १९७२ या काळात ते बाल्टिमोर कोल्ट्स या संघाकडून खेळले आणि १९७३ चा अखेरचा हंगाम त्यांनी सॅन डिएगो चार्जर्स या संघात घालवला. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये पासेसद्वारे ४०,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले क्वार्टरबॅक होत. ज्या संघाने त्यांना प्रथम निवडले होते, त्याने मात्र त्यांना एकाही सामन्यात न खेळवता घरी पाठवले होते. त्यामुळे एखादा तरुण क्वार्टरबॅक चाचपडू लागला आणि त्याला ठेवावे की काढावे असा वाद चाहत्यांमध्ये सुरू झाला की युनायटस यांचे नाव हटकून निघते.

खेळातील स्थान

आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाशी अमेरिकन फुटबॉलचे साम्य नावापुरतेच आहे. या खेळात लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हाताने फेकत किंवा घेऊन धावत प्रतिपक्षाच्या हद्दीच्या टोकापर्यंत न्यायचा असतो. तेथे चेंडू पोहोचला की टचडाउन होतो. चढाई करणाऱ्या ११ जणांच्या मधोमध क्वार्टरबॅक उभा असतो. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा, फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. तेवढ्या वेळात समोरून धिप्पाड खेळाडू त्याच्या अंगावर चालून येत असतात. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने मध्येच झेलला तर चढाईचा हक्क जातो आणि दोष बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्याच माथी येतो. आज डावपेच मैदानाबाहेरून प्रशिक्षक कळवतात. युनायटस यांच्या काळी ते बहुतांशी क्वार्टरबॅकच ठरवीत असे. म्हणजे केवळ बाहुबळावर हे स्थान टिकत नव्हते.

बालपण आणि शिक्षण

युनायटस यांचे घराणे मूळचे लिथुएनियातील. पिट्सबर्ग हे तेव्हा पोलाद आणि कोळशाचे शहर होते, आणि वडिलांचा घरोघरी कोळसा पोहोचवण्याचा लहानसा व्यवसाय होता. जॉन अगदी लहान असतानाच वडील वारले. आईने तो व्यवसाय स्वतः चालवला, जोडीला दुसरीकडे नोकरीही केली आणि मुलांना वाढवले. युनायटस यांच्या अंगी पुढे जो शांत चिवटपणा दिसला त्याचे मूळ या घरात शोधणे वावगे ठरणार नाही.

सेंट जस्टिन्स या शाळेतून खेळताना त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाच्या नामांकित संघात जाण्याची इच्छा धरली होती. परंतु अंगाने फारच किरकोळ म्हणून त्यांना तेथे नाकारण्यात आले. अखेर केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठाने त्यांना घेतले. तेथे दाखल झाले तेव्हा त्यांचे वजन ६६ किलोग्रॅमच्या आसपास होते. १९५१ साली सेंट बोनाव्हेंचर संघाविरुद्ध त्यांना प्रथमच सुरुवातीपासून खेळवण्यात आले. त्या सामन्यात त्यांनी ओळीने ११ पास अचूक पोहोचवले आणि तीन टचडाउन मिळवून दिले. सामना मात्र लुईव्हिलने २२-२१ असा एका गुणाने गमावला. पुढे विद्यापीठाने खेळासाठीच्या मदतीला कात्री लावली, अनेक खेळाडू गळाले आणि उरलेल्यांना चढाई व बचाव अशा दोन्ही बाजू सांभाळाव्या लागल्या. अशा दुबळ्या संघातील खेळाडूकडे देशाचे लक्ष जाणे कठीणच होते.

पिट्सबर्गचा नकार

१९५५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पिट्सबर्ग स्टीलर्सनी युनायटस यांना नवव्या फेरीत १०२ व्या क्रमांकावर निवडले. आपल्याच गावच्या संघात स्थान मिळण्याची ही संधी होती. सराव शिबिरात क्वार्टरबॅकच्या तीन जागांसाठी जिम फिंक्स, टेड मार्चिब्रोडा, व्हिक ईटन आणि युनायटस असे चौघे होते. प्रशिक्षक वॉल्ट कीसलिंग यांचे या नवख्याविषयीचे मत प्रतिकूल होते. तो मंद बुद्धीचा आहे, व्यावसायिक संघाचे डावपेच त्याला पेलणार नाहीत, असे त्यांना वाटे. संघाचे मालक आर्ट रूनी यांची मुले शिबिरात युनायटस यांच्याबरोबर चेंडू फेकत आणि शिबिरातला सर्वांत चांगला फेकणारा हाच, असा त्यांचा आग्रह होता. पण मालकांनी प्रशिक्षकाच्या कामात ढवळाढवळ केली नाही. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत युनायटस यांना एकदाही खेळवले गेले नाही आणि नंतर त्यांना वगळण्यात आले. जागा मिळालेले ईटन त्या एका हंगामानंतर लीगमध्ये दिसले नाहीत.

हा प्रसंग पुष्कळदा अपयशाचा म्हणून सांगितला जातो. ते तितकेसे बरोबर नाही. युनायटस पिट्सबर्गमध्ये अपयशी ठरले नव्हते, कारण त्यांची परीक्षाच घेतली गेली नव्हती.

तेव्हा लीगमध्ये अवघे १२ संघ होते. क्लीव्हलँड ब्राउन्सकडे त्यांनी विचारणा केली. तेथून पुढच्या वर्षी या असे उत्तर आले. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते आणि संसार चालवायचा होता. युनायटस पिट्सबर्गमध्ये बांधकामावर, पाया खोदून खांब ठोकणाऱ्या टोळीत कामाला लागले. आठवड्यातून एकदा ते ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी-व्यावसायिक संघाकडून खेळत. मैदान खडबडीत होते आणि एका सामन्याचे सहा डॉलर मिळत. या संघाकडून खेळून पुन्हा लीगमध्ये जाता येईल, असे मानणारे फारसे कोणी नसावे.

बाल्टिमोर आणि १९५६ चा हंगाम

१९५६ च्या आरंभी बाल्टिमोर कोल्ट्सनी त्यांना दूरध्वनी करून चाचणीसाठी बोलावले. युनायटस यांची शिफारस करणारे एका चाहत्याचे पत्र आपल्याला आले होते, असे प्रशिक्षक वीब यूबँक पुढे गमतीने सांगत आणि ते युनायटस यांनीच लिहिले असावे अशी पुस्ती जोडत. संघात टिकल्यास वर्षाला ७,००० डॉलर असा करार झाला.

बाल्टिमोरचे प्रमुख क्वार्टरबॅक तेव्हा जॉर्ज शॉ होते. ज्या ड्राफ्टमध्ये युनायटस १०२ वे होते, त्याच ड्राफ्टमध्ये शॉ पहिल्या क्रमांकावर निवडले गेले होते आणि संघाचे भवितव्य त्यांच्यावर उभारले जात होते. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात शॉ यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि युनायटस मैदानात उतरले. त्यांचा पहिलाच पास बेअर्सच्या जे. सी. कॅरोलाइन यांनी मध्येच झेलून थेट टचडाउन केला. पुढच्याच चढाईत चेंडू देताना युनायटस आपल्याच संघातील ॲलन अमीची यांच्यावर आदळले आणि चेंडू निसटून प्रतिपक्षाच्या हाती गेला. कोल्ट्स तो सामना ५८-२७ असा हरले.

या पदार्पणानंतर बाल्टिमोरमध्ये काय मनःस्थिती असेल याची कल्पना करता येते. एका बाजूला जायबंदी झालेला लाडका खेळाडू, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या संघाने टाकून दिलेला, सहा डॉलरवर खेळून आलेला पोरगा. संघ व्यवस्थापनालाही खात्री नव्हती; खेळ सोडून कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेले गॅरी कर्कोरियन यांना त्यांनी घाईघाईने परत बोलावले. परंतु पुढच्याच रविवारी युनायटस यांच्या नेतृत्वाखाली कोल्ट्सनी ग्रीन बे पॅकर्सना २८-२१ असे हरवले आणि त्यानंतरच्या आठवड्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या क्लीव्हलँडलाही २१-७ असे नमवले. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध शेवटचे काही सेकंद उरले असता त्यांनी जिम मुत्शेलर यांना ५३ यार्डांचा पास देऊन १९-१७ असा विजय मिळवून दिला. खुद्द यूबँक यांची नोकरी त्या पासमुळे वाचली असे मानले जाते.

त्या वर्षीचे आकडे संमिश्र आहेत. नऊ टचडाउन पास आणि प्रतिपक्षाने झेललेले दहा पास. मात्र फेकलेल्या पासेसपैकी ५५.६ टक्के अचूक पोहोचले, आणि नवख्या खेळाडूसाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. केवळ पहिली दोन संख्या पाहणाऱ्याला त्यांना काढावेसे वाटले असते. तिसरी पाहणाऱ्याला ठेवावेसे. शॉ बरे होऊन परतले तेव्हा त्यांची जागा गेली होती. पुढे ते तीन अन्य संघांकडून खेळले. पहिल्या क्रमांकाच्या निवडीला साजेसे यश त्यांना कोठेच लाभले नाही.

विजेतेपदे

१९५७ साली युनायटस यांनी लीगमध्ये सर्वाधिक २,५५० यार्ड आणि २४ टचडाउन पास नोंदवले. १९५८ मध्ये बरगड्या मोडूनही दोन सामन्यांच्या विश्रांतीनंतर ते परतले आणि संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेले.

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध झालेला तो सामना अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना कोल्ट्स १४-१७ असे मागे होते आणि चेंडू त्यांच्याच हद्दीत १४ यार्डांच्या रेषेवर होता. युनायटस यांनी रेमंड बेरी यांना लागोपाठ तीन पास देऊन ६२ यार्डांची मजल मारली आणि सात सेकंद उरले असता स्टीव्ह मायरा यांच्या फील्ड गोलने बरोबरी झाली. जादा वेळेत प्रथम गुण मिळवणारा विजयी, असा नियम होता. युनायटस यांनी १३ डावपेचांत ८० यार्ड पार केले आणि अमीची यांनी अखेरच्या एका यार्डावरून टचडाउन केला. कोल्ट्स २३-१७ असे जिंकले. दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांनी हा सामना पाहिला आणि बेसबॉलवेड्या देशात फुटबॉलचे दिवस तेथून पालटले असे अनेक अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षीही कोल्ट्सनी जायंट्सनाच ३१-१६ असे हरवून विजेतेपद राखले.

१९५६ च्या डिसेंबरपासून १९६० च्या डिसेंबरपर्यंत ओळीने ४७ सामन्यांत युनायटस यांनी किमान एक टचडाउन पास दिला. हा विक्रम ५२ वर्षांनी, २०१२ साली ड्रू ब्रीझ यांनी मोडला. १९५९, १९६४ आणि १९६७ साली युनायटस लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. १९६८ मध्ये कोपराच्या दुखापतीमुळे त्यांचा जवळजवळ सारा हंगाम वाया गेला, तर जानेवारी १९७१ मधील पाचव्या सुपर बोलमध्ये जॉन मॅकी यांना दिलेल्या ७५ यार्डांच्या टचडाउन पासनंतर ते जखमी होऊन बाहेर गेले. तो सामना कोल्ट्सनी जिंकला. चार्जर्समधील शेवटच्या वर्षी त्यांच्याबरोबर डॅन फाउट्स नावाचा नवखा क्वार्टरबॅक होता. १९७४ साली युनायटस निवृत्त झाले. एकूण ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन पास आणि प्रतिपक्षाने झेललेले २५३ पास अशी त्यांची कारकीर्द नोंदली गेली.

चाहत्यांच्या वादातील उदाहरण

तरुण क्वार्टरबॅकला अवधी द्यावा असे म्हणणारे चाहते युनायटस यांचा पहिला पास आणि पिट्सबर्गचा नकार या दोन गोष्टी पुढे करतात. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, युनायटस यांची चुणूक पुढच्या आठवड्यातच दिसली. वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे हे मान्य करावे लागते. दीर्घ संयमाचे उदाहरण हवे असेल तर ते टेरी ब्रॅडशॉ यांचे द्यावे. पिट्सबर्गनेच १९७० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॅडशॉ यांनी पहिल्या वर्षी सहा टचडाउन पास दिले आणि २४ पास प्रतिपक्षाच्या हाती दिले. पुढे त्यांनी चार सुपर बोल जिंकले. तसेच, संयम दाखवूनही ज्यांचे काहीच झाले नाही अशा खेळाडूंची नावे कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून या वादात यशस्वी उदाहरणांचेच पारडे जड दिसते. युनायटस यांच्या कहाणीतून निघतो तो प्रश्न वेगळा आहे: निकाल देण्यापूर्वी खेळाडूला प्रत्यक्ष सामन्यात पाहिले होते काय?

उत्तरायुष्य

१९७९ साली युनायटस यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९८४ मध्ये कोल्ट्स संघ बाल्टिमोर सोडून इंडियानापोलिसला गेला, तेव्हा ते अत्यंत नाराज झाले आणि आपली ओळख बाल्टिमोरचे खेळाडू म्हणूनच राहावी असा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. जुन्या दुखापतींमुळे उतारवयात त्यांचा उजवा हात, म्हणजे ज्या हाताने सारी कीर्ती मिळवली तोच हात, जवळजवळ निकामी झाला होता. ११ सप्टेंबर २००२ रोजी टिमोनियम येथे व्यायाम करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. घोट्यावर येणारे काळे बूट ही त्यांची खूण होती. त्यांच्या निधनानंतर बाल्टिमोर रेव्हन्सचे क्वार्टरबॅक आणि लुईव्हिलचेच माजी विद्यार्थी ख्रिस रेडमन यांनी तसे बूट घालून सामना खेळला, तेव्हा गणवेशाच्या नियमाचा भंग केल्याबद्दल लीगने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. बाल्टिमोरच्या स्टेडियमबाहेर युनायटस यांचा पुतळा आहे, आणि जवळच्या टाउसन विद्यापीठाच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले आहे.