आना झेगर्स

आना झेगर्स (१९ नोव्हेंबर १९०० – १ जून १९८३) या जर्मन कथा-कादंबरीकार होत. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या जर्मन साहित्यिकांत त्यांची गणना अग्रक्रमाने होते.

त्यांचे मूळ नाव नेटी रायलिंग. माइन्त्स येथील कलावस्तूंच्या एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. रेम्ब्राँच्या चित्रांतील ज्यू जीवनावर प्रबंध लिहून १९२४ साली त्यांनी हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे टोपणनावही त्याच काळातील एका डच चित्रकाराचे आहे. १९२८ साली त्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना क्लाइस्ट पुरस्कार मिळाला. हिटलर सत्तेवर येताच त्यांना अटक झाली. सुटकेनंतर १९३३ मध्येच त्यांनी पॅरिस गाठले.

‘सातवा क्रूस’ ही कादंबरी त्यांनी पॅरिसमध्ये लिहिली. छळछावणीतून सात कैदी निसटतात; त्यांच्यासाठी उभारलेल्या सात क्रुसांपैकी एक अखेरपर्यंत रिकामा राहतो. हस्तलिखिताच्या मोजक्या प्रतींपैकी एक अमेरिकेत पोहोचली आणि १९४२ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. १९४४ मध्ये तिच्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला.

जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले तेव्हा झेगर्स यांचे पती ल व्हेर्ने येथील छावणीत स्थानबद्ध होते. दोन लहान मुलांना घेऊन त्या दक्षिणेकडे निघाल्या. पतीची सुटका झाल्यावर मार्च १९४१ मध्ये हे कुटुंब मार्सेय बंदरातून जहाजाने निघाले व त्याच वर्षी मेक्सिकोत पोहोचले. मार्सेयमधील या दिवसांतून ‘ट्रान्झिट’ ही त्यांची बहुधा सर्वांत सरस कादंबरी जन्मली. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते आणि निर्वासिताचे जगणे शिक्क्यांवर लोंबकळत राहते, हा तिचा विषय. आईला देशाबाहेर काढण्याचे झेगर्स यांचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. मार्च १९४२ मध्ये आईची पोलंडमधील पियास्की येथे रवानगी झाली; तेथून ती परतली नाही.

१९४७ साली त्या बर्लिनला परतल्या. पूर्व जर्मनीच्या लेखक संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९५२ ते १९७८ या काळात होते. वाल्टर यांका हे मेक्सिकोत त्यांची पुस्तके छापणाऱ्या निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख. १९५७ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा झेगर्स न्यायालयात उपस्थित असूनही गप्प राहिल्या. खासगीत त्यांनी रदबदली केली होती. पण जाहीर मौनाचा ठपका त्यांच्यावर कायम राहिला. निरपराध माणसाला दोषी ठरवण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशाची एक कथा त्यांनी त्याच सुमारास लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झाली.