विश्लेषण : ॲपला ‘अलाऊ’ म्हणण्याआधी… रिद्धपूरच्या म्हाइंभटांनी माहिती कशी मागितली, कशी जपली?

अकोल्यातला एखादा विद्यार्थी प्रवेशाच्या फॉर्मसाठी नवे ॲप घेतो. ॲप म्हणते, गुगल खात्याने लॉग-इन करा. पुढच्याच स्क्रीनवर विचारणा येते : तुमच्या ड्राइव्हमधल्या फाइल्स पाहू का, जीमेलमधले मेसेज वाचू का? बहुतेक जण न वाचताच ‘अलाऊ’ दाबतात. त्या बटणामागे जी यंत्रणा चालते तिला एपीआय म्हणतात. एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती कशी मागायची आणि दुसऱ्याने ती कशी द्यायची, याची ही आधी ठरलेली रीत.

माहिती कुणाकडे आहे, कुणाच्या परवानगीने मिळते, किती मिळते आणि मूळ प्रतच गेली तर पुढे काय, हे प्रश्न मात्र संगणकापेक्षा खूप जुने आहेत. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला साधारण साडेसातशे वर्षांपूर्वी एका माणसाने या प्रश्नांना हात घातला होता. त्यांचे नाव म्हाइंभट. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ त्यांनी सिद्ध केला.

कोण होते म्हाइंभट?

म्हाइंभट मूळचे वऱ्हाडातले नव्हेत. ते गोदावरीकाठच्या मुलखातल्या सराळ्याचे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. संस्कृत शास्त्रांत मुरलेले, वादविवादात समोरच्याला गप्प करणारे पंडित अशी त्यांची ख्याती होती. तो देवगिरीच्या यादवांचा काळ. विद्वानांची भाषा संस्कृत होती आणि विद्येचा मानही त्याच भाषेत मिळत असे.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी तेव्हा मराठीत निरूपण करत गावोगाव फिरत होते. बायकांना, सगळ्या जातींच्या लोकांना समोर बसवून ते बोलत. डोमेग्रामला म्हाइंभट त्यांच्याशी वाद घालायला गेले आणि शिष्य होऊन परतले. हा प्रसंग खुद्द लीळाचरित्रातच आहे. आपल्या गर्वाची आणि पराभवाची गोष्ट त्यांनी आपल्याच ग्रंथात ठेवली, यावरून त्यांच्या कामाचा प्रामाणिकपणा लक्षात येतो.

१२७४च्या सुमारास चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेले शिष्य रिद्धपूरला जमले. तिथे स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू राहत होते आणि पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे, आली होती. चक्रधरांनी स्वतः काही लिहून ठेवले नव्हते. जे होते ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. कुणाला पैठणचा प्रसंग ठाऊक, कुणाला लोणारचा, कुणाला एखादीच दुपार.

आजच्या भाषेत सांगायचे तर सगळा डेटा वेगवेगळ्या सर्व्हरवर होता आणि प्रत्येक सर्व्हर म्हातारा होत चालला होता.

मग त्यांनी काय केले?

परंपरा सांगते, की नागदेवाचार्य रोज एकांतात स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसत. म्हाइंभटांनी हे हेरले आणि त्या आठवणी लिहून घेऊ द्याव्यात अशी विनंती केली. होकार मिळाला. रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या परिसरात नागदेवाचार्य सांगत आणि म्हाइंभट टिपून घेत. हे काम १२७८च्या आसपासचे मानले जाते.

एका माणसाची आठवण पुरेशी नाही, हे त्यांना लवकरच कळले. नागदेवाचार्य ज्या प्रसंगी हजर नव्हते त्यांचे काय? तेव्हा म्हाइंभट उठले आणि साक्षीदारांकडे जाऊ लागले. जो प्रसंग ज्याने पाहिला, तो त्याच्याकडूनच घ्यायचा. यात बायकांचा वाटा मोठा होता. आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदाइसा त्यांतली एक. प्रश्न विचारून विचारून स्वामींकडून उत्तरे काढणारी ही बाई लीळाचरित्रात पानोपानी भेटते. ज्या काळात शास्त्र शिकायची मुभाच स्त्रियांना नव्हती, त्या काळात एक शास्त्री पंडित त्यांच्याकडे माहितीचा अधिकृत स्रोत म्हणून जातो, ही साधी गोष्ट नाही.

गोळा केलेली प्रत्येक लीळा नागदेवाचार्यांपुढे जायची. ते पारखून घेत, मगच ती ग्रंथात यायची. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर वेगळी आठवणही सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवायची रीत या परंपरेत पडली. लीळाचरित्राच्या पोथ्यांत असे पाठभेद जागोजागी दिसतात. मतभेद पुसून एकच गुळगुळीत गोष्ट करणे सोपे होते, पण ते टाळले गेले.

एपीआय यापेक्षा वेगळे काय करते?

तत्त्व तेच आहे. ड्राइव्हमधली फाइल हवी असलेले ॲप तुमचे अख्खे कपाट उचलून नेत नाही, निदान नेऊ नये. ते ठरलेल्या पद्धतीने विनंती पाठवते. गुगल आधी तपासते, की या ॲपला तुम्ही परवानगी दिली आहे का. परवानगीची खूण म्हणून ॲपकडे एक टोकन असते. तुमचा पासवर्ड त्याला कधीच कळत नाही. टोकनवर मर्यादाही लिहिलेली असते : फक्त वाचता येईल, की बदलताही येईल, सगळ्या फाइल्स दिसतील, की त्या ॲपने स्वतः बनवलेल्या किंवा तुम्ही त्यात उघडलेल्याच.

जीमेलची पद्धत तर म्हाइंभटांच्या पोथीची आठवण करून देणारी आहे. मेसेजची यादी मागितली तर जीमेल आधी फक्त प्रत्येक मेसेजचा ओळख-क्रमांक देते. मजकूर हवा असेल तर त्या क्रमांकाने एकेक मेसेज वेगळा मागावा लागतो. लीळाचरित्रात हजाराहून अधिक लीळा आहेत. प्रत्येकीला छोटे शीर्षक आहे आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आहेत. प्रसंग कोणत्या गावी घडला, हे बहुतेक ठिकाणी नोंदलेले असते. शीर्षक ठाऊक असले की नेमकी लीळा काढता येते.

जीमेलमध्ये खरे तर फोल्डर नसतातच. असतात ती लेबले, आणि एका मेसेजला चार लेबले लावता येतात. कपाट एकच, त्यावरच्या चिठ्ठ्या अनेक.

म्हाइंभटांच्या नोंदींवर पुढच्यांनी काय उभारले, तेही पाहण्यासारखे आहे. केसोबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला आणि त्यातले दृष्टान्त निवडून ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ तयार केला. मूळ साठा एकच, पण त्यातून वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी पुस्तके निघाली. आज एकाच रेल्वेच्या माहितीवर दहा ॲप चालतात, तसेच हे. केसोबास संस्कृतात पारंगत होते. मात्र नागदेवाचार्यांनी, स्वामींनी आपल्याला मराठीतच शिकवले असे सांगून, मराठीचा आग्रह धरला. संस्कृतात गेले असते तर ज्या बायकांनी ते सांगितले त्यांनाच ते वाचता आले नसते.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर म्हाइंभटांनी त्यांच्याही आठवणी याच पद्धतीने गोळा केल्या. त्यातून गोविंदप्रभूचरित्र म्हणजेच ऋद्धिपूरलीळा तयार झाली. गावातल्या विहिरी, देवळे, रस्त्यावरची माणसे असे तेराव्या शतकातले वऱ्हाडी गाव त्यात चालतेबोलते दिसते. ॲन फेल्डहाउस यांनी १९८४मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

मूळ प्रतच गेली तेव्हा…

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या. महानुभाव परंपरेत या संकटाला खालशाची धाड म्हणतात. पळापळीत पंथीयांच्या पोथ्या लुटल्या गेल्या आणि म्हाइंभटांची मूळ प्रतही त्यात गेली, असे परंपरा सांगते. सर्व्हर जळाला आणि बॅकअप कुणी घेतला होता हे कुणालाच ठाऊक नाही, अशी ही स्थिती.

बॅकअप होता तो माणसांत. ज्यांनी ग्रंथ ऐकून-वाचून पाठ केला होता, त्यांनी तो पुन्हा सांगितला. हिराइसा या साध्वीच्या स्मरणातून उभा राहिलेला पाठ त्यांत विशेष महत्त्वाचा मानतात. इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ सिद्ध केले. म्हणून आज लीळाचरित्राची एकच एक अंतिम प्रत नाही. अनेक पाठ आहेत आणि ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. म्हाइंभटांनी मजकूर लहान लहान, नाव दिलेल्या तुकड्यांत ठेवला होता, हे इथे कामी आले. सलग लांब ग्रंथापेक्षा सुटी गोष्ट ध्यानात राहते. एका पाठात हरवलेली लीळा दुसऱ्यात सापडू शकते.

क्लाउडवर फाइल्स ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्याही प्रत्येक फाइलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे. सामान्य वापरकर्त्याची गफलत अशी होते, की फोनवरून सिंक होणारी फाइल म्हणजे बॅकअप असे तो समजतो. सिंकमध्ये एका जागी फाइल डिलीट केली की ती सगळीकडून जाते. खरी वेगळी प्रत हवी असेल तर ती वेगळी काढून ठेवावी लागते. गुगलच्या बाबतीत ‘टेकआउट’ या सुविधेतून आपला सगळा डेटा उतरवून घेता येतो.

कुलूप लागले ते कसे?

धाडीचा धसका मोठा होता. पवित्र ग्रंथांची विटंबना होऊ नये, ते अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, म्हणून महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. चौदाव्या शतकातल्या रवळोबासांशी जोडली जाणारी सकळ लिपी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. सुंदरीसारख्या इतरही होत्या. युक्ती ओळखीची आहे : एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर. किल्ली पंथात दीक्षा घेतलेल्यालाच मिळे. संगणकशास्त्रात याला एन्क्रिप्शन म्हणतात. आजचे गणित फार अवघड आहे, पण किल्ली कुणाकडे हा प्रश्न तोच आहे.

या कुलपाने दोन गोष्टी केल्या. ग्रंथ टिकले, पंजाबपासून काबूलपर्यंतच्या महानुभाव मठांत जुनी मराठी वाचली जात राहिली. दुसरीकडे, उरलेल्या मराठी समाजाला आपलीच सर्वांत जुनी गद्य पुस्तके काही शतके दिसली नाहीत. मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर यांच्यापाशी सुरू होणाऱ्या वाङ्मयाच्या इतिहासात जुन्या गद्याचे पान जवळजवळ कोरे राहिले. त्या काळी माणसे घरात, रस्त्यावर, बाजारात मराठी कशी बोलत, हे सांगणारा साठा कुलपात होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना पंथातल्या महंतांनीच पोथ्या आणि साहाय्य दिले. कुलूप बाहेरूनही उघडले आणि आतूनही. नंतर नागपूरचे ह. ना. नेने, पुढे शं. गो. तुळपुळे आणि १९७८मध्ये बुलढाणा जिल्ह्यातून आलेले वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादून छापले. कोलत्यांच्या आवृत्तीतील काही मजकुरावर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. त्यांच्यासाठी हा ग्रंथ भाषेचा नमुना नाही, श्रद्धेचा विषय आहे. अभ्यासकाला सगळे पाठभेद हवे असतात, भक्ताला पवित्र पाठ. दोघांचाही हक्क खरा असताना परवानगी नेमकी कुणी द्यायची, हे अजून पुरते ठरलेले नाही.

२०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेच्या पुराव्यांत लीळाचरित्राचे नाव पुढे होते. त्याच सुमारास राज्याच्या मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरच निवडले गेले.

तुमच्या फोनमध्ये आता काय तपासाल?

गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ विभागात जाऊन थर्ड-पार्टी ॲप्सची यादी उघडा. दोन वर्षांपूर्वी एकदाच वापरलेले ॲप अजूनही ड्राइव्ह पाहू शकत असेल, तर तिथून त्याची परवानगी काढता येते. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे परवानगी गेली, असे होत नाही. दिलेली परवानगी गुगल खात्यात तशीच राहू शकते. परवानगी देताना ‘फक्त वाचणे’ आणि ‘वाचणे, बदलणे, डिलीट करणे’ यांतला फरक पाहा. फॉर्मला मार्कशीट जोडायची असेल तर सगळा ड्राइव्ह उघडून देण्याऐवजी, ज्या ठिकाणी सोय आहे तिथे डिजिलॉकरचा पर्याय घ्या. २०१५मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सेवेत कागदपत्र थेट ते देणाऱ्या संस्थेकडून येते, आणि प्रत्येक वेळी तुमची संमती घेऊन तेवढेच कागदपत्र पुढे जाते.