व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा रेव्हरंड टिळकांनी पत्रं, कीर्तन आणि साप्ताहिकावर माणसं धरून ठेवली

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं नांदूरघाट घ्या, नाहीतर त्या भागातलं दुसरं कुठलंही गाव. सप्ता बसला की बाहेरगावचे महाराज येतात, रात्री कीर्तन करतात आणि सकाळी पुढच्या गावाला निघतात. पूर्वी पुन्हा गाठ पडायची ती थेट पुढच्या वर्षी. आता महाराज गाडीत बसायच्या आधीच त्यांचा नंबर सेव्ह होतो, कीर्तन यूट्यूबवर चढतं आणि सणावाराला मेसेज जातो.

गावोगाव फिरणाऱ्या ख्रिस्ती पाळकांचंही तसंच. रविवारी उपासना एका गावात, बुधवारी प्रार्थना दुसऱ्या गावात आणि मधले दिवस ग्रुपवर.

म्हणजे अडचण जुनीच आहे. माणूस जोडायला एक भेट पुरते, टिकवायला मात्र सारखं काहीतरी करावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी बीडच्या शेजारच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये राहून एका माणसाने हे काम मोबाइलशिवाय केलं. त्यांचं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात. हे टिळकही रत्नागिरी जिल्ह्यातले आणि चित्पावन ब्राह्मणच. जन्म ६ डिसेंबर १८६१, गाव करजगाव. वडील तापट होते. आई लवकर गेली आणि पोरगा घराबाहेर पडला तो नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला, कविता करू लागला.

१८८० मध्ये त्यांचं लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झालं. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. तिला अक्षरओळख नव्हती. टिळकांनी तिला शिकवायला घेतलं, पण त्यांचा उत्साह आज आहे तर उद्या नाही असा. शिक्षण रखडतच चाललं. तरी मोडकंतोडकं वाचण्यापुरती अक्षरं तिच्या हाती लागली. पुढे या मोडक्यातोडक्या वाचनावरच दोघांचा संसार तरला.

नोकरी एका जागी टिकवणं टिळकांना जमलंच नाही. कधी शिक्षक, कधी कीर्तन-प्रवचन, कधी नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम. मनात आलं की ते घरातून निघायचे. कुठे जातो, कधी येतो, हे बायकोला सांगायचं त्यांच्या लक्षातही राहायचं नाही. खिशातले पैसे वाटेत भेटणाऱ्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणं तर नेहमीचंच. जगाशी नातं जोडणाऱ्या या माणसाचा पहिला फटका घरालाच बसत होता.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी गप्पा रंगल्या. उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक वाचत गेले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना.

पण हे बोलायचं कुणाशी? घरात, जातीत बोलायची सोय नव्हती. मग त्यांनी आपली ओळख लपवून ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार सुरू केला. आजच्या भाषेत सांगायचं तर फेक आयडीवरून शंका विचारल्या. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे जिवंतपणी घरच्यांना सुतक. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे होते. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही अशी त्यांची अवस्था झाली. नातलग त्यांना घेऊन पंढरपूरला गेले. लोकांच्या हिशेबात हा संसार संपला होता.

तो संपला नाही, कारण टपाल चालू होतं.

टिळक पत्रं लिहीत राहिले. त्यात कविताही असायच्या. लक्ष्मीबाई अडखळत का होईना, वाचत होत्या. रडत होत्या, चिडत होत्या, पण नातं तुटलं असं म्हणायला तयार नव्हत्या. याच दिवसांत त्यांनाही कविता सुचू लागली.

जवळपास पाच वर्षं अशी गेली. मग त्या दत्तूला घेऊन नगरला आल्या. आल्या त्या आपलं सोवळं सांभाळून. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातपात आपल्याला कुठवर पटते, याचा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्या गतीने केला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचं पुढचं आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेलं. नगरला शिकवणं, राहुरीला मुक्काम आणि मधल्या काळात खेडोपाडी फिरणं. इथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. देवळातल्या मराठी माणसाला चर्चमध्ये परकं वाटत होतं. इंग्रजी चालीवरची, भाषांतर केलेली गीतं त्याच्या तोंडात बसत नव्हती.

नगर भागात ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीपासून होतं. टिळकांनी त्यात आपली कविता ओतली. अभंग, ओव्या, भजनं लिहिली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, हे ते उघड मानत. त्यामुळे जुनं सगळं पुसून टाका, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाणारा माणूस गावातून निघून गेला तरी अभंग मागे राहायचा. दळताना, शेतात, रात्री भजनाला तो पुन्हा म्हटला जायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोहोचायला त्या काळात याहून खात्रीचं साधन नव्हतं. मराठी चर्चमध्ये ती भजनं आजही गायली जातात.

वाचणाऱ्यांसाठी होता ज्ञानोदय. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या या पत्राच्या मराठी भागाचं संपादन १९१२ पासून टिळकांकडे आलं आणि अखेरपर्यंत राहिलं. गावोगाव विखुरलेल्या छोट्या मंडळ्यांना एकमेकांची खबर या पत्रातून कळायची. टिळकांची नवी कविताही त्यांच्यापर्यंत यातूनच जायची. ख्रिस्ती समाजाने परदेशी मिशनच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, आपल्या पायावर उभं राहावं, हा आग्रह ते त्यात सतत मांडत.

त्यांची माणसं फक्त ख्रिस्ती नव्हती. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरेने कविता म्हटली आणि त्याला बालकवी हे नाव मिळालं. टिळकांनी या पोराला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे आईसारखे काढले. बालकवी त्या घरात राहिले, जेवले, लिहिते झाले आणि हिंदूच राहिले. नातं जोडायचं म्हणजे समोरच्याला आपल्यात ओढायचंच, असा टिळकांचा हिशेब नव्हता.

तरीही एक गोष्ट त्यांना बोचत होती. आपण मिशनचे पगारी प्रचारक आहोत, तोवर लोकांच्या आणि आपल्या मध्ये ती भिंत राहणार, असं त्यांना वाटू लागलं. १९१७ मध्ये त्यांनी पगार सोडला आणि संन्यास घेतला. साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा आश्रम काढला. त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडं होतं, तसंच न घेतलेल्यांनाही. अधिकारी आणि त्याच्या हाताखालची माणसं असं न राहता सगळ्यांनी ख्रिस्ताभोवती भावंडांसारखं जमावं, अशी कल्पना होती.

या प्रयोगाला दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारा ख्रिस्तायन हा त्यांचा ग्रंथ अर्धवट राहिला होता.

तो पुढे नेला लक्ष्मीबाईंनी. रखडत रखडत अक्षरं शिकलेल्या, नवऱ्याची पत्रं अडखळत वाचणाऱ्या बाईने त्या ग्रंथाचा मोठा भाग लिहिला. १९३४ पासून त्यांची स्मृतिचित्रे प्रसिद्ध होऊ लागली. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आज त्यांचं नाव घेतलं जातं. त्यात टिळकांचा मोठेपणा आहे, तसेच न सांगता घरातून निघून जाणारे, घरचे पैसे वाटून टाकणारे टिळकही आहेत. रागही आहे आणि हसूही.

गावोगावची माणसं भजनाने आणि ज्ञानोदयने धरून ठेवणाऱ्या टिळकांना लोक घरात कसे होते तसे ओळखतात, ते या पुस्तकामुळे. घरातून निघताना ज्या बायकोला सांगायचं ते विसरायचे, तिनेच त्यांची गोष्ट पुढच्या पिढ्यांना सांगितली.