मोटारीला नाडी देणारा माणूस

सिट्रोएन कंपनीची जुनी डीएस मोटार सुरू केली, की इंजिनाच्या घरघरीतून मधूनच एक बारीक टक् असा आवाज येतो. काही काळ शांतता, मग पुन्हा टक्. या मोटारीशी परिचय नसलेल्याला वाटते, एखादा नट सैल झाला असावा. जाणकार मेकॅनिक मात्र पाना हाती घेण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ पाहतो आणि दोन आवाजांमधले सेकंद मोजू लागतो. वैद्याने रोग्याची नाडी पाहावी तसाच हा प्रकार. मोटारीला ही नाडी दिली ती पॉल माजेस या फ्रेंच संशोधकाने. अभियांत्रिकीची पदवी नसताना त्यांनी मोटारीच्या सस्पेन्शनची कल्पनाच पालटून टाकली.

माजेस यांचा जन्म १९०८ चा. वयाच्या सतराव्या वर्षी, १९२५ मध्ये, ते सिट्रोएन कंपनीत दाखल झाले. जे काही शिकले ते काम करता करता. दरम्यान कंपनीवर मोठे संकट कोसळले. संस्थापक आन्द्रे सिट्रोएन कर्जात बुडाले, कारभार मिशलँ या टायर उत्पादक घराण्याकडे गेला आणि १९३५ मध्ये आन्द्रे यांचे निधनही झाले. पुढे कंपनीची धुरा पिएर-ज्यूल बूलांजे यांच्या हाती आली. फ्रान्सवर जर्मन सैन्याचा ताबा असताना, १९४२ मध्ये, बूलांजे यांनी माजेस यांच्यावर सस्पेन्शनच्या संशोधनाची कामगिरी सोपवली. प्रशस्तिपत्रांपेक्षा माणसाची बुद्धी पारखणारा वरिष्ठ लाभणे हे माजेस यांचे भाग्यच म्हणावे लागेल.

त्यांच्यापुढचा प्रश्न जुनाच होता. पोलादी स्प्रिंग मऊ ठेवली तर खड्डे जाणवत नाहीत, पण वळणावर मोटार कलंडू पाहते आणि मागे चार माणसे व सामान चढले, की बूड टेकते. स्प्रिंग ताठर केली तर मोटार स्थिर राहते, पण प्रवाशांची हाडे खिळखिळी होतात. घोडागाडीच्या काळापासून कारागीर या दोहोंत तडजोड करत आले होते. माजेस यांनी पोलादाऐवजी वायूचा आधार घेतला. वायू जितका दाबावा तितका अधिक ताठर होतो, हा त्याचा स्वभावधर्म त्यांनी कामी आणला.

त्यांच्या रचनेत प्रत्येक चाकासाठी एक पोकळ धातूचा गोळा होता. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या अंगाला तेल. चाक उचलले गेले, की दट्ट्या तेलाला रेटतो, तेल पडद्याला आणि पडदा वायूला. वायू दबतो, पुन्हा पसरतो, हीच स्प्रिंग. गोळ्याच्या मुखाशी असलेल्या झडपेतून तेल अडखळत जाते आणि त्यामुळे मोटारीचे हेलकावे शमतात. इंजिनावर चालणारा पंप या तेलाला दाब पुरवतो. भार वाढून मोटार खाली बसली, की उंची नियंत्रित करणारी झडप आणखी तेल आत सोडते आणि मोटार पूर्वीच्या पातळीवर येते. ऐकायला सोपी वाटणारी ही यंत्रणा बनवणे मात्र महाकठीण होते. झडपांचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशेबाने घासावे लागत.

नोव्हेंबर १९५० मध्ये बूलांजे यांचे मोटार अपघातात निधन झाले. पाठीराखा गेला तरी काम थांबले नाही. १९५४ मध्ये ट्रॅक्शन आव्हाँ मालिकेतील सहा सिलिंडरच्या मोटारीत, केवळ मागच्या चाकांना, हे सस्पेन्शन प्रथम बसवण्यात आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात डीएस अवतरली. आन्द्रे लफेव्र यांची अभियांत्रिकी, फ्लामिनिओ बर्तोनी यांनी घडवलेले रूप आणि माजेस यांची द्रवचलित यंत्रणा असा हा त्रिवेणी संगम होता. सस्पेन्शनच नव्हे, तर स्टिअरिंग, ब्रेक आणि गिअर बदलण्याची क्रियाही त्याच तेलाच्या दाबावर चाले. पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या.

खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. मोटार इतकी गुप्त ठेवली गेली होती, की देशभरातील मेकॅनिकना ती दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळालेच नव्हते. सुरुवातीच्या मोटारींतून तेल गळू लागले. एकाच तेलावर सारे अवलंबून असल्याने दाब गेला, की मोटार जमिनीला टेके. पोलादी पट्ट्यांच्या आवाजाला सरावलेल्या कानांना हे नवे टकटकणे, फुसफुसणे आणि कण्हणे अनोळखी होते. यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्याचे दुखणे ओळखणारा माणूस नसेल तर ते बदनाम होते. डीएस त्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती.

हळूहळू कारखान्यांना या मोटारीची भाषा उमगू लागली. टक् हा आवाज दाबनियंत्रकाचा. साठवणीच्या गोळ्यात दाब पुरेसा झाला, की नियंत्रक पंपाचा भार काढतो आणि दाब उतरला, की पुन्हा चढवतो. दर खेपेला टक्. इंजिन संथ चालू आहे, स्टिअरिंग वा ब्रेकला कोणी हात लावलेला नाही, अशा वेळी दोन आवाजांत बरेच अंतर असेल तर प्रकृती ठीक. दर दोन-चार सेकंदांनी टकटक होत असेल तर काहीतरी बिघडले आहे. दाब चटकन भरतो आणि चटकनच उतरतो, अशी लक्षणे असतील तर साठवणीच्या गोळ्यातला नायट्रोजन निघून गेलेला असतो. भरायला वेळ लागतो आणि उतरतो मात्र झपाट्याने, असे असेल तर तेल आतल्या आत कुठेतरी झिरपत असते. पंप कण्हू लागला तर आधी तेलाची पातळी आणि गाळणी पाहावी, कारण तेलाबरोबर हवा ओढली जात असण्याचा संभव असतो. खड्ड्यात चाक गेल्यावर कडक दणका बसला तर त्या चाकाच्या गोळ्यातला वायू संपलेला असू शकतो. आणि टोले चाकांच्या आधारभुजांकडून येत असतील तर दोष तेलाचा नसून झिजलेल्या बेअरिंगचा असू शकतो. आवाज ऐकताक्षणी महागडा भाग बदलणारा आणि आधी क्षणभर थांबून मोजणारा, यांतला फरक मालकाच्या खिशाला चांगलाच जाणवतो.

एक मूळ दोष मात्र ऐकून बरा होणारा नव्हता. आरंभीचे तेल हवेतील ओलावा शोषून घेई आणि त्यामुळे आतले भाग गंजत. १९६६ च्या सुमारास त्याऐवजी हिरव्या रंगाचे खनिज तेल आले आणि यंत्रणेचे आयुष्य वाढले. दोन्ही तेलांसाठीची रबरी सीले वेगळी. एकाच्या जागी दुसरे ओतले, की सीले खराब होतात. म्हणूनच जुनी डीएस हाताळणारा आजही प्रथम तेलाचा रंग पाहतो.

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटूनही त्यांची डीएस ताब्यात राहिली आणि वेगाने निसटली. या घटनेने मोटारीच्या कीर्तीत मोठी भर पडली. १९६५ मध्ये आलेल्या रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनचे द्रवचलित तंत्र परवान्याने घेतले गेले. १९७० च्या सिट्रोएन एसएममध्ये मोटारीच्या वेगानुसार जड-हलके होणारे स्टिअरिंग आले. त्यामागेही माजेस यांचेच काम होते. १९७५ मध्ये डीएसचे उत्पादन थांबले तेव्हा तिच्या साडेचौदा लाखांहून अधिक मोटारी बनल्या होत्या.

माजेस यांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यांच्या तत्त्वावरील सस्पेन्शन सिट्रोएन सी-५ या मोटारीत २०१७ पर्यंत वापरात होते. बर्तोनी यांची रेषा वस्तुसंग्रहालयात डोळ्यांना दिसते. माजेस यांची कामगिरी मात्र मोटारीच्या पोटात दडलेली, डोळ्यांना न दिसणारी आहे. कुठल्याशा गॅरेजमध्ये जुनी डीएस सुरू होते, आधी मागचा आणि मग पुढचा भाग सावकाश उचलला जातो आणि टक् असा आवाज येतो. कान देऊन सेकंद मोजणारा तो मेकॅनिक नकळत माजेस यांनी घालून दिलेला पाठच गिरवत असतो.